जुन्या गाडीचं काम घरी काढताय? या चुका टाळा

माझी अल्टो २००४ची. मीटरवरचा आकडा आज २ लाख १४ हजार किलोमीटरवर आहे. २०१९ला पंधरा वर्षं भरली तेव्हा पुनर्नोंदणीची फी ६०० रुपये होती. एप्रिल २०२२पासून ती ५,००० झाली, म्हणून २०२४ला तेवढी भरली, वर पर्यावरण कर. एवढं करून जी माणसं जुनी गाडी ठेवतात, ती जीव लावून ठेवतात किंवा दुसरी परवडत नाही म्हणून ठेवतात. दोघांबद्दलही मला आपुलकी आहे. म्हणूनच रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये त्याच त्याच चुका बघून जीव तुटतो. जुन्या गाडीत बिघाडाची खूण दिसली की बहुतेकांना ती खूण घालवायची घाई असते. ती कशामुळे उमटली, हे कोणी विचारत नाही.

थर्मोस्टॅट काढून टाकणं

ही चूक मला सगळ्यांत जास्त छळते, कारण ती मला फार महागात पडली.

गाडी मी २०१२ साली सेकंडहँड घेतली. तापमानाचा काटा कधी पाव भागाच्या वर जायचा नाही. इंजिन थंड राहतंय म्हणजे गाडी चांगली, असं मी धरून चाललो. अॅव्हरेज मात्र तेराच्या पुढे जात नव्हतं. त्याचं खापर मी पुण्याच्या ट्रॅफिकवर फोडलं.

२०१४च्या मे महिन्यात श्रीवर्धनहून परत येत होतो. गाडीत चौघं, डिकीत आंब्याच्या दोन पेट्या, एसी चालू. ताम्हिणीचा चढ सुरू झाला आणि बघता बघता काटा लाल पट्टीला टेकला. पुढच्या वळणावर सावली मिळेल म्हणून मी तशीच दोन किलोमीटर गाडी रेटली. थांबलो तेव्हा बॉनेटमधून वाफ येत होती. मी फडकं घेऊन रेडिएटरच्या झाकणाला हात घालणार, तोच मागून आलेल्या टेम्पोचा ड्रायव्हर ओरडला, "दादा, हात लावू नका! पाऊण तास बसा निवांत." त्या माणसाने माझा चेहरा वाचवला. झाकण आतलं पाणी साधारण ०.९ बार दाबाखाली धरून ठेवतं, त्यामुळे ते शंभर अंशांच्या बरंच वर जाऊनही उकळत नाही. झाकण उघडलं की दाब जातो आणि ते सगळं पाणी त्याच क्षणी उसळून अंगावर येतं.

गाडी टो करून आणली. इंजिन उघडल्यावर कळलं की थर्मोस्टॅटची जागा रिकामी आहे. आधीच्या कुणीतरी तो काढून टाकला होता. रेडिएटरच्या नळ्या बोअरच्या पाण्याच्या क्षाराने निम्म्याहून जास्त बुजल्या होत्या. हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, वाकलं होतं. हेडचं फेसिंग (घासून सपाट करणं), गॅसकेट (जोडातून गळू न देणारी पट्टी), नवा रेडिएटर आणि मजुरी मिळून माझा एक महिन्याचा घरखर्च गेला.

यातली गोम समजून घ्या. थर्मोस्टॅट म्हणजे मेणाच्या गोळीवर चालणारी छोटी झडप. इंजिनातलं पाणी साधारण ८२ अंशांवर जाईपर्यंत ती बंद राहते, मग उघडून पाणी रेडिएटरकडे सोडते. ती काढली की पाणी कायम रेडिएटरमधून फिरतं. शहरात काटा खाली राहतो आणि मालक खूश होतो. इकडे इंजिन गार आहे असं वाटून कॉम्प्युटर जास्त पेट्रोल सोडत राहतो. ते पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली ऑइलमध्ये मिसळतं आणि इंजिन झिजतं. त्याहून वाईट म्हणजे रेडिएटर तुंबत चालल्याची खूण झाकली जाते. काटा कुरकुर करत होता, त्यालाच गप्प बसवलं, आणि खरा आजार एकदम घाटात बाहेर आला. नवा थर्मोस्टॅट टाकल्यावर माझं अॅव्हरेज सोळाच्या पुढे गेलं.

आता माझी सवय सांगतो. थर्मोस्टॅटवर शंका आली तर तो काढून जुन्या पातेल्यात दोऱ्याने लटकवतो, पाणी तापवतो आणि थर्मामीटर धरून बघतो. उकळत्या पाण्यातही उघडला नाही तर नवा आणतो. रेडिएटरचं झाकण त्याच्याबरोबरच बदलतो, कारण त्याची स्प्रिंगही तितकीच म्हातारी असते. कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, दर दोन वर्षांनी, आणि त्यात डिस्टिल्ड वॉटरच. नळाचं पाणी फक्त रस्त्यात अडकल्यावर. भरताना हीटर पूर्ण गरमवर ठेवतो, झाकण उघडं ठेवून गार इंजिन चालू करतो आणि पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत जागचा हलत नाही. अर्धा तास लागतो. कूलंट ओतलं, झाकण लावलं, निघाले, असं करणाऱ्यांच्या गाडीत हवा अडकते आणि आठवड्याने ते परत मलाच विचारायला येतात.

अंदाजाने पार्ट बदलत सुटणं

आमच्याच बिल्डिंगमधल्या एका मुलाची गोष्ट. हुशार पोरगा, हाताला वळणही चांगलं. वडिलांची जुनी सँट्रो सकाळी सेल्फ घेत नव्हती, नुसतं टक-टक व्हायचं. त्याने व्हिडिओ बघून बॅटरी बदलली. चार दिवस बरं चाललं. मग सेल्फची मोटर रिपेअर करून आणली. मग कुणीतरी बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरचं नाव घेतलं, तोही उतरवला. तेव्हा तो माझ्याकडे आला. "काका, सगळं नवीन टाकलं, तरी तेच होतंय."

मी मल्टिमीटर आणला. बॅटरीवर १२.६ व्होल्ट, म्हणजे बॅटरी पूर्ण चार्ज. मग एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर धरली आणि त्याला सेल्फ मारायला सांगितलं. मीटरने दोन व्होल्टच्या वर दाखवलं. तिथे अर्ध्या व्होल्टच्या आत यायला हवं. गिअरबॉक्सकडे जाणारी अर्थिंगची पट्टी वरून धड दिसत होती, पण बोल्टखाली हिरवी पडून सडली होती. पट्टी बदलली, जागा पॉलिश पेपरने घासून चकचकीत केली, टर्मिनलला पेट्रोलियम जेली लावली. पहिल्या झटक्यात गाडी सुरू झाली. पोरगा काही बोलला नाही, आणि मीही त्याला काही सुनावलं नाही. त्याची मेहनत मी पाहिली होती.

मल्टिमीटर काहीशे रुपयांत मिळतो. जुन्या गाडीवर हात टाकणाऱ्याने पान्यांच्याही आधी तो घ्यावा, असं माझं ठाम मत आहे. तीन आकडे पाठ करा. बंद गाडीत १२.६च्या आसपास, सेल्फ मारताना साडेनऊच्या खाली नको, इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४. हे बघितल्याशिवाय पार्टच्या दुकानाची पायरी चढू नका.

नुसत्या जॅकवर विसंबणं

इथे मी कुणाचंही ऐकून घेत नाही. गाडीबरोबर मिळणारा जॅक चाक बदलण्यापुरता असतो. त्यावर उचललेल्या गाडीखाली डोकं घालायचं नाही, एका मिनिटासाठीही नाही. विटांवर तर नाहीच. वीट सांगून फुटत नाही. लोखंडी घोड्यांची (जॅक स्टँडची) जोडी घ्या, त्या पक्क्या जमिनीवर ठेवा, जमिनीवर टेकलेल्या चाकांना अडण लावा आणि खाली शिरण्याआधी गाडीला जोरात धक्का देऊन बघा. घोड्या नसतील तर ते काम गॅरेजला द्या.

बाकी थोडक्यात

ब्रेक ऑइलच्या डबीत इंजिन ऑइल टाकू नका. सगळी रबरं फुगतात आणि अख्खी ब्रेक सिस्टिम खोलावी लागते. ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढतं. डॉट ३ या प्रकारचं ब्रेक ऑइल कोरं असताना २०५ अंशांवर उकळतं, ओल धरल्यावर १४० अंशांवरच. उघडून ठेवलेला जुना डबा म्हणूनच वापरायचा नाही.

स्पार्क प्लग बसवताना सुरुवातीचे आटे बोटांनीच फिरवा. अॅल्युमिनियमच्या हेडमध्ये प्लग तिरका गेला आणि वर पाना लावला, तर आटे गेलेच म्हणून समजा.

गॅसकेटला सिलिकॉन थापू नका. बाहेर आलेलं दिसतं, आत आलेलं तुटून ऑइलच्या गाळणीत जाऊन बसतं.

गंजलेल्या बोल्टला आदल्या रात्री डब्ल्यूडी-४० मारून ठेवा. लगेच पाइप लावून जोर करणारे बोल्ट तोडतात आणि मग ड्रिल शोधत फिरतात. जुन्या गाडीत रात्रभर थांबणं हा कामाचाच भाग आहे.

चाकाचे नट चाक जमिनीला लागण्याआधी समोरासमोरचे आवळा, खाली घेतल्यावर पूर्ण कसा, आणि पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा तपासा.

टायमिंग बेल्ट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा ताल जुळवणारा पट्टा, कधी बदलला हे बिलावर नसेल, तर तो बदललेला नाही असंच धरा. बऱ्याच इंजिनांत तो तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. हे काम मी स्वतः करत नाही. मापाच्या खुणा जुळवायला मला रोजच्या सरावाचा हात लागतो.

काढलेलं ऑइल गटारात ओतू नका. कॅनमध्ये भरून गॅरेजला द्या, ते भंगारवाल्याला जातं.

आणि रविवारी दुपारी चारला काम काढू नका. पार्टची दुकानं बंद असतात, सोमवारी ऑफिसला गाडी हवी असते, आणि अंधार पडायला लागला की माणूस दोन बोल्ट कमी लावून मोकळा होतो. मी शनिवारी सकाळी सात वाजता सुरू करतो. आधी मोबाइलवर प्रत्येक जोडाचा फोटो, काढलेले बोल्ट क्रमाने चहाच्या कपात, आणि संध्याकाळी डॅशबोर्डमधल्या वहीत तारीख, आकडा आणि काय केलं याची नोंद. त्या वहीत आजची शेवटची ओळ अशी आहे: २,१४,०६०, पुढचा डावा होज पाइप बदलला, क्लिप जुनीच, महिन्याने बघणे.