युद्धाची पहिली बातमी जुन्या अंकात कशी शोधावी

भारत-पाकिस्तान युद्धाला ३ डिसेंबर १९७१ रोजी तोंड फुटले, म्हणून ग्रंथालयात त्याच तारखेचे दैनिक मागितले तर युद्धाची बातमी सापडणार नाही. पाकिस्तानी विमानांनी श्रीनगर, पठाणकोट, अमृतसर आदी हवाई तळांवर हल्ला चढवला तो सायंकाळी पावणेसहाच्या सुमारास, आणि सकाळचा अंक तर पहाटेच छापून झालेला होता. म्हणून शनिवारचा, ४ तारखेचा अंक मागवावा. शक्यतो ३ ते ७ डिसेंबरचे अंक एकत्रच घ्यावेत.

अंक उघडल्यावर मोठा मथळा तूर्त बाजूला ठेवून बातमीच्या आरंभी दिलेले ठिकाण व तारीख पाहावी. इंदिरा गांधी त्या सायंकाळी कलकत्त्यात होत्या. दिल्लीला परतून त्यांनी आकाशवाणीवरून केलेले भाषण मध्यरात्र उलटल्यानंतरचे आहे. त्यामुळे बाहेरगावच्या गाड्या गाठण्यासाठी लवकर छापलेल्या डाक आवृत्तीत जे भाषण येऊ शकले नसेल, ते त्याच दैनिकाच्या शहर आवृत्तीत असू शकते. संपादकांनी भाषण गाळले असा निष्कर्ष काढण्यापूर्वी आपल्यासमोर कोणती आवृत्ती आहे, हे ग्रंथपालांना विचारून घ्यावे.

त्यानंतर प्रत्येक विधान कोणाचे आहे ते पाहावे. आधी हल्ला भारताने केला, असा पाकिस्तानचा दावा होता, तर भारत सरकारचे म्हणणे नेमके उलट होते. सरकारी प्रवक्ता, वृत्तसंस्था आणि परक्या रेडिओचा हवाला यांचे वजन सारखे नसते. पाडलेल्या विमानांचे आकडे उतरवून घ्यावेत, परंतु ते कोणी दिले हे नोंदवल्यावाचून कधीही नाही.

पहिले पान सगळेच वाचतात. मला आतली पाने अधिक बोलकी वाटतात. ती बहुधा आधीच जुळवून तयार असत, त्यामुळे पहिल्या पानावर युद्ध आणि आत चित्रपटांच्या जाहिराती निर्धास्त, असे दृश्य दिसू शकते. ब्लॅकआउटच्या सूचना, रद्द झालेले कार्यक्रम, बदललेली रेल्वेची वेळ यांसाठी पुढच्या दोन-तीन दिवसांचे अंक चाळावेत.

हीच दक्षता कराचीच्या बाबतीत घ्यावी. भारतीय नौदलाच्या क्षेपणास्त्र नौकांनी त्या बंदरावर ४ डिसेंबरच्या रात्री उशिरा हल्ला केला. ५ तारखेच्या अंकात त्याचा तपशील मिळाला नाही, तर ६ चा अंक पाहावा आणि टिपणवहीत घटनेची व अंकाची तारीख वेगवेगळ्या रकान्यांत लिहावी.