अण्णांची सेन्सरची बंडी: माप, खिसा आणि वही

अण्णा तलाठी होते. पार्किन्सन्सची पहिली खूण आम्हाला त्यांच्या सहीत दिसली. सुरुवातीचं अक्षर नीट यायचं, शेवटचं मुंगीएवढं व्हायचं. गेल्या वर्षी डॉक्टरांनी आठवडाभर हालचाल टिपणारे दोन सेन्सर लावायला दिले, एक मनगटाला आणि एक कमरेला. मनगटाच्या सेन्सरला पट्टा होता. कमरेचा मात्र घसरायचा. मी घरी शिवणकाम करते, म्हणून त्यासाठी बंडीच शिवली. तुम्हालाही जमेल.

कापड होजियरीचं, सुती, थोडं ताणणारं घ्या. मशीनला होजियरीची बोथट सुई लावा, साध्या सुईने जाळी सुटते. माप उभं राहून आणि बसून, दोन्ही वेळा घ्या. या आजारात पाठ पुढे वाकते आणि बंडी मागून वर चढते, म्हणून मागची उंची २ इंच जास्त ठेवा. मुंढा ढिला हवा, कारण ताठरलेला हात त्यातून न्यायचा असतो. पुढून उघडी ठेवा आणि बटणांऐवजी वेलक्रो लावा, खरखरीत बाजू अंगाला लागणार नाही अशी. वरून मी नुसतीच बटणं टाचली. वेलक्रो बघून अण्णा म्हणाले होते, "लहान मुलाचं झबलं शिवलंस का गं?" ते त्यांना लागलं होतं, आणि मलाही.

खरं काम खिशाचं. सेन्सरची डबी पाठीच्या कण्यावर, कमरेच्या रेषेत बसायला हवी. माझा पहिला खिसा सैल झाला. अण्णा चालले की डबी आत हेलकावे खायची, आणि पहिल्या दोन दिवसांच्या आलेखात त्यांची चाल होती त्याहून वाईट दिसली. ते दोन दिवस वाया गेले. मग खिसा उसवून डबीपेक्षा थोडा आखूड केला आणि वरून इलास्टिकची आडवी पट्टी मारली. डबी भरून खिसा बोटाने हलवून बघा. कापड हललं तर चालेल, कापडात डबी हलता कामा नये. वरच्या कडेला लाल दोऱ्याचा टाका घाला, म्हणजे डबी रोज त्याच बाजूने आत जाते.

तयार सेन्सर-सदरा आणलात तर त्याला कात्री लावू नका. मॉन्ट्रियलच्या हेक्सोस्किनसारख्या सदऱ्यात छातीचे ठोके टिपणारे कापडी पॅच असतात, शिवाय छाती आणि पोटाभोवती श्वास मोजणारे दोन पट्टे असतात. पुढून उघडा करायला गेलात तर पट्टेच तुटतील. पॅच कोरड्या कातडीवर नीट टिपत नाहीत, घालण्याआधी पाण्याचं बोट फिरवा.

घालताना ताठर हात आधी, काढताना शेवटी. डॉक्टरांना सकाळच्या गोळीआधीची अवस्थाही बघायची होती, म्हणून आम्ही बंडी रात्रीच घालून ठेवायचो. सकाळी कमरेवर वळ किंवा लाली दिसली तर बंडी सैल करा.

धुताना डबी आधी बाहेर काढा. गार पाणी आणि साधा साबण पुरे. पिळू नका, सावलीत वाळवा. पॅचवाल्या सदऱ्याला ब्लीच आणि कपडे मऊ करणारं द्रावण लावू नका, इस्त्रीही नको.

आणि वही ठेवाच. सेन्सरला हालचाल कळते, कारण कळत नाही. रिक्षाचे धक्केसुद्धा तो इमानेइतबारे टिपतो. गोळीची वेळ, जेवण, दारात पाय जमिनीला चिकटले ती वेळ, पडणं, रिक्षा, सगळं लिहा. डाळ, पनीर, अंडं खाल्लं तर तेही लिहा, कारण लेवोडोपा या पार्किन्सन्सवरच्या औषधाच्या गोळीला प्रथिनं आड येऊ शकतात. आमच्या वहीत रोज दुपारी चारच्या सुमाराला "पाय जड" होतं, आलेखही तिथेच खाली बसलेला. दोन्ही शेजारी ठेवून डॉक्टरांनी दुपारच्या गोळीची वेळ बदलली. आपल्या मनाने मात्र बदलू नका.

वही रुंद ओळींची घ्या आणि ज्याचा आजार आहे त्यालाच लिहू द्या. समोर ओळी असल्या की अण्णांचं अक्षर मोठं राहतं. आठवड्याच्या शेवटी त्यांनी खाली सही केली, आणि ती मला चष्म्याशिवाय वाचता आली.