एजंट चुकीच्या मशीनवरची फाइल वाचत होता

महाप्याच्या एमआयडीसीत आमचं ऑफिस. क्लायंटच्या उबुंटू (लिनक्स) सर्व्हरवरचे लॉग, म्हणजे घडामोडींच्या नोंदी, तपासायला मी एआय एजंट लावला आणि त्याला एमसीपीमधून (एजंटला बाहेरची टूल्स जोडायची पद्धत) एसएफटीपीवर (दूरच्या मशीनवरच्या फाइली हाताळायची सुरक्षित पद्धत) चालणारं टूल दिलं. तिथला वेब सर्व्हर एनजिनएक्स; 'एनजिनएक्सचा एरर लॉग बघ' म्हटलं की उत्तर ठरलेलं: लॉग रिकामा आहे. तिकडे सर्व्हरवर ५०२ वर ५०२ (मागच्या सेवेकडून नीट उत्तर न मिळाल्याचे एरर) येत होते.

दोन दिवस मी मॉडेललाच दोष दिला. मग घणसोलीहून ठाण्याला जाताना लोकलमध्ये बसून टूल कॉल, म्हणजे एजंटने कोणतं टूल कसं वापरलं ते, एकेक करून पाहिले. एजंट माझ्या लॅपटॉपवरचाच लॉग वाचत होता! त्याच्याकडे दोन टूल्स होती, एक लॅपटॉपवरच्या फाइलींसाठी आणि दुसरं हे सर्व्हरचं, आणि दोन्हींच्या वर्णनात मी लिहिलं होतं, 'फाइल वाचते.' मॉडेलला आपला कोड दिसत नाही, दिसतं ते नाव, वर्णन आणि पॅरामीटर. मग त्याने निवडायचं कशावरून?

रात्रीच सर्व्हरच्या टूलचं वर्णन बदललं:

'दूरच्या लिनक्स सर्व्हरवरची मजकूर फाइल वाचते. या लॅपटॉपवरच्या फाइलींसाठी वापरू नये. पाथ "/" पासून पूर्ण द्यावा, "~" चालत नाही. एका वेळी शेवटच्या ५०० ओळी मिळतात.'

ती '~' ची सूचना महत्त्वाची, कारण '~' म्हणजे युजरचं होम फोल्डर, आणि ते उलगडण्याचं काम शेल (कमांड चालवणारा प्रोग्राम) करतं, एसएफटीपी नाही.

आणखी एक चूक सापडली. फाइल नसली किंवा परवानगी नसली, तरी माझं टूल रिकामा मजकूरच परत देत होतं. दोन्हींसाठी वेगळे एरर लिहिले. पुढच्याच कॉलला 'परवानगी नाही' आलं. टूल ज्या युजरने सर्व्हरवर लॉगिन करतं त्याला 'एडीएम' ग्रुपमध्ये (उबुंटूवर लॉग वाचायची परवानगी असलेला गट) टाकलं, नव्याने लॉगिन केलं आणि लॉग वाचता आला.