डेंग्यूचा सेन्सर जुळवताय? आधी या चुका टाळा

आलेखातलं अर्धवर्तुळ (जितकं मोठं, तितका विजेचा रोध जास्त) फुगलं की नवा विद्यार्थी खूश : एनएस१ सापडलं! डेंग्यूच्या विषाणूचं हे प्रथिन तापाच्या सुरुवातीलाच रक्तात येतं. सोन्याच्या इलेक्ट्रोडवरची अँटीबॉडी त्याला पकडते, इलेक्ट्रोडशी इलेक्ट्रॉनची देवघेव करणाऱ्या फेरी-फेरोसायनाइडची वाट अडते आणि रोध वाढतो. पण वाट अडवायला एनएस१च लागतं असं कुठंय? सीरममधलं अल्ब्युमिनही तेच करतं, बोटाचा तेलकट ठसासुद्धा.

म्हणून नुसत्या पीबीएसमध्ये (आम्लता स्थिर ठेवणारं खारं द्रावण, म्हणजे बफर) काढलेल्या, एनएस१ वाढलं की रोध वाढतो असं दाखवणाऱ्या सरळ रेषेवर भाळू नका. डेंग्यू नसलेल्या माणसाचं सीरम आणि भलतीच अँटीबॉडी बसवलेला इलेक्ट्रोड, हे दोन्ही रोज सोबत चालवा. झिका विषाणूचं एनएस१ मिळालं तर तेही. ते डेंग्यूच्या भावकीतलंच.

'अँटीबॉडी बसतच नाही' ही नेहमीची रड. आमचा यात आख्खा आठवडा गेला. अँटीबॉडी इलेक्ट्रोडला जोडणारं ईडीसी-एनएचएस ताजं, अँटीबॉडीची कुपी नवी, तरी रोध जागचा हलेना. शेवटी कुणीतरी बफरच्या बाटलीवरची चिठ्ठी वाचली : ट्रिस! ट्रिसमध्ये अमाइन असतं, त्यामुळे अँटीबॉडीसाठी तयार केलेल्या जागा तेच बळकावतं. विकतच्या अँटीबॉडीत टिकण्यासाठी बीएसए (गाईच्या सीरममधलं अल्ब्युमिन) घातलेलं असेल तरी हीच गत. बीएसए नसलेलीच मागवा. बीएसए लावायचंच आहे, पण अँटीबॉडी बसल्यावर, उरलेल्या मोकळ्या जागा बुजवायला.

व्होल्टेज-प्रवाहाच्या आलेखातलं शिखर आज इथे, उद्या तिथे? पोटेन्शिओस्टॅटला, म्हणजे मोजणाऱ्या यंत्राला, शिव्या घालण्याआधी मीठ बघा. तीन इलेक्ट्रोड छापलेल्या पट्टीवरचा चांदीचा संदर्भ इलेक्ट्रोड (ज्याच्या तुलनेत व्होल्टेज मोजतात) थेट द्रावणात उघडा असतो. क्लोराइड दहापट बदललं की तो साधारण ५९ मिलिव्होल्ट सरकतो. सगळी मोजमापं एकाच द्रावणात घ्या, पोटॅशियम क्लोराइड मोजून घाला. थेंब तिन्ही इलेक्ट्रोडांवर पसरलाय ना, खाली बुडबुडा नाही ना, तेही बघा.

फेरी-फेरोसायनाइड रोज ताजं करा, उजेडापासून जपा आणि इलेक्ट्रोडवर तासन्‌तास ठेवू नका; ते सोनं खातं. पट्ट्यापट्ट्यांत मुळातच फरक असतो, त्यामुळे प्रत्येकीचा स्वतःचा आधीचा रोध धरून टक्क्यांत बदल काढा. पावसाळ्यात पाकीट उघडं टाकलंत, तर अँटीबॉडी लावून ठेवलेल्या पट्ट्यांची आशा सोडा.

हे सगळं जमूनही रुग्णाच्या नमुन्यात काहीच दिसत नसेल, तर फॉर्मवरची ताप आल्याची तारीख बघा. आठवडा उलटला की एनएस१ बहुधा ओसरलेलं असतं, तेव्हा आयजीएम (रुग्णाच्या शरीरानं बनवलेली अँटीबॉडी) शोधायला हवं. तो नमुना सेन्सरच्या नापासात धरू नका.