युद्ध संपलेल्या गावात कामाला जाताय? मग आधी हे वाचा

आपल्या ठाण्या-नवी मुंबईतली एमएसडब्ल्यू (समाजकार्याची पदव्युत्तर पदवी) झालेली काही पोरं नेपाळ, श्रीलंका, आफ्रिका इकडच्या संस्थांसोबत काम करायचं म्हणतात, आणि विचारतात की वर्षानुवर्षं आपसात लढलेल्या गावात सुरुवात नेमकी कुठून करायची. त्यांच्यासाठी लिहितेय. एक गोष्ट पक्की धरा, माफी मागणं आणि गळाभेट हे सगळ्यात शेवटचं काम आहे. त्याच्या आधी हरवलेली माणसं, जमीन आणि पैसा यांचा हिशोब असतो, तो तसाच ठेवून शांतता मेळावा घेतलात तर लोक येतील, बसतील आणि घरी गेल्यावर परत एकमेकांशी बोलणं बंद.

तयारी इथेच सुरू करा. घोडबंदर रोडला, खारघरला सोसायट्यांमध्ये वॉचमनचं काम करणारे नेपाळी दादा आहेत, त्यातले कित्येक पश्चिम नेपाळचे, आणि माओवादी आणि सरकार यांच्यातल्या १९९६ ते २००६ च्या युद्धात तो भाग फार होरपळला. त्यांच्याशी ओळख करा, थोडी नेपाळी शिका, पण युद्धात काय झालं हे विचारायला जाऊ नका. गावाला कधी जाता, शेतात काय लावलंय, पोरं कितवीत आहेत एवढंच बोला. ते स्वतःहून बोलले तर ऐका, नाही बोलले तर विषय तिथेच सोडा. फिल्डवर पण हाच नियम.

गावात पोचल्यावर आधी बेपत्ता माणसांच्या घरी जा, मेलेल्यांच्या घरी जाण्याच्या पण आधी. नेपाळच्या त्या युद्धात साधारण १७ हजार माणसं मारली गेली आणि तेराशेच्या वर माणसांचं काय झालं हे घरच्यांना कळलंच नाही. नोव्हेंबर २००६ च्या शांतता करारात लिहिलं होतं की ६० दिवसांत बेपत्ता आणि मारल्या गेलेल्यांची नावं जाहीर करू, प्रत्यक्षात बेपत्तांसाठीचा आयोग बसायला २०१५ उजाडलं. तोपर्यंत बेपत्ता माणसाच्या बायकोने कुंकू लावायचं की पुसायचं? लावलं तर गाव बोलतं, पुसलं तर सासू म्हणते तूच माझ्या पोराला मारलंस, आणि नवऱ्याच्या वाट्याची जमीन तिच्या नावावर होत नाही कारण मृत्यूचा दाखला नाही. अशा बाईला "तो गेला असं समजून चाल" हे कधीही म्हणू नका, ते ठरवायचा हक्क तिचा एकटीचा. माणूस शेवटचा कुठे दिसला, कोणी पाहिला, अंगावर काय होतं ही माहिती एकदाच, एकाच कार्यकर्तीने नीट लिहून घ्यायची, दर संस्थेने येऊन तेच तेच विचारायचं नाही. शोधासाठी रेड क्रॉसचं नेटवर्क फुकट काम करतं, तिथे नोंद करून द्या. आणि त्याच हेलपाट्यात तिचं बँकेचं, पोराच्या दाखल्याचं, जे काय अडलंय ते पण करून द्या, विश्वास त्यातूनच बसतो. आजूबाजूच्या गावातल्या अशा बायकांना महिन्यातून एकदा एकत्र बसवता आलं तर फार चांगलं, दोन्ही बाजूंच्या असल्या तरी चालेल, त्यांचं दुःख सारखंच असतं आणि ते त्यांना तुमच्या आधी कळतं.

मग जमीन. वारस नोंद सातबाऱ्यावर चढवायला किती फेऱ्या पडतात हे आपल्या जिल्ह्यात कोणाला सांगायला नको, आता धरून चला की तलाठी ऑफिसच जळालंय, मूळ मालक परदेशात पळालाय आणि त्याच्या घरात दहा वर्षं तिसरंच कुटुंब राहतंय. श्रीलंकेच्या उत्तरेत २००९ ला सरकार आणि तमिळ वाघांमधलं युद्ध थांबल्यावर लोकांना असंच घरी परतावं लागलं, आणि मुहामालैसारख्या भागात तर आधी भूसुरुंग काढावे लागले, त्या कामात स्थानिक बायका पण आहेत. तिथे भारत सरकारने ५० हजार घरांचा प्रकल्प घेतला, त्यातल्या बहुतेक घरांसाठी कंत्राटदार न नेमता मालकाच्याच खात्यात हप्त्याहप्त्याने पैसे टाकले, घरामागे साडेपाच लाख श्रीलंकन रुपये. मला हीच पद्धत बरोबर वाटते, कारण ज्याचं घर उडालं त्याला खिडकी कुठे हवी हे स्वतः ठरवता आलं पाहिजे.

लढणाऱ्यांचं काय? नेपाळने माओवादी लढवय्यांना तीन पर्याय दिले होते, सैन्यात या, पुनर्वसनाचं ट्रेनिंग घ्या, किंवा पाच ते आठ लाख नेपाळी रुपये घेऊन घरी जा. पंधरा हजारांवर लोकांनी पैसे घेतले, सुमारे १,४०० सैन्यात गेले, ट्रेनिंग निवडलं फक्त ६ जणांनी. म्हणजे कोर्स छापण्याआधी माणसाला विचारा की तुला काय करायचंय. मोझांबिकमध्ये यादवी संपल्यावर १९९५ पासून चर्चच्या संघटनेने बंदूक आणून देणाऱ्याला कुदळ, सायकल, शिलाई मशीन दिलं, हे मला जास्त पटतं. पण सगळी मदत बंदूकवाल्यांनाच मिळाली की ज्यांचं घर त्यांनी जाळलं ते बघत बसतात आणि राग परत भरतो, म्हणून विहीर, शाळा, रस्ता असं सगळ्या गावाचं काम सोबतच काढा आणि कमिटीत दोन्ही बाजूंची माणसं घ्या, बायका नक्की घ्या. लायबेरियाच्या युद्धावरची घानातली शांतता बोलणी २००३ ला रखडली तेव्हा लायबेरियाच्या बायकांनीच हॉलची दारं अडवली होती.

आता कबुली आणि माफी. यादवी युद्धातून गेलेल्या सिएरा लिओनमध्ये २००७ पासून फांबुल टोक नावाचं काम चालू आहे, रात्री गावकरी शेकोटीभोवती बसतात, ज्याच्यावर अत्याचार झाला तो बोलतो, करणारा समोर येऊन कबूल करतो, माफी मागतो. त्याच्या आधी कित्येक महिने तयारी चालते. यावर २०० गावांत अभ्यास झाला, २०१६ ला छापून आला, आणि दिसलं ते असं की गावातला विश्वास वाढला, माफ करणं वाढलं, पण लोकांचं नैराश्य आणि भीती पण वाढली, आणि हा परिणाम जवळपास तीन वर्षं टिकला. जखम उघडी करायची तर नंतर रोज ड्रेसिंग करणारं कोणीतरी लागतंच. म्हणून सभेत कोणावरही बोलायची सक्ती करू नका, बोललेल्या माणसाच्या घरी दुसऱ्या दिवशी, मग आठवड्याने, मग महिन्याने जा, झोप लागते का, जेवण जातं का हे विचारा. प्रपोजल लिहितानाच या भेटींचे, स्थानिक भाषा येणाऱ्या समुपदेशक ताईच्या पगाराचे आणि तिच्या प्रवासाचे पैसे त्यात धरा, कार्यक्रम झाल्यावर ते कोणी मंजूर करत नाही.