मुलांसाठी शिष्टाचाराची पुस्तकं कशी निवडावीत आणि कशी वाचावीत

शिष्टाचाराच्या पुस्तकांवरचे लेख मी ढिगाने वाचले आहेत. त्यांत पुस्तकांची यादी असते, मुखपृष्ठांचे फोटो असतात आणि ती पुस्तकं मुलासोबत वाचायची कशी याबद्दल अवाक्षर नसतं. मुलांबरोबर वाचणं हेच माझं काम आहे. चांगलं पुस्तकही चुकीच्या पद्धतीने वाचलं तर मूल त्या पुस्तकावर फुली मारतं आणि त्यातल्या शिष्टाचारावरही, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. म्हणून इथे यादी देणार नाही.

१. एकच सवय धरा

‘चांगल्या सवयी’ हा फार मोठा विषय झाला. दुसऱ्याचं बोलणं मध्येच तोडणं, न विचारता वस्तू घेणं, घरी आलेल्या माणसाकडे न बघता खोलीत निघून जाणं, यांतलं सध्या सर्वांत जास्त खटकणारं एक निवडा. बाकीचं महिनाभर राहू द्या.

२. पुस्तक आधी स्वतः वाचा, आणि शेवट पहिल्यांदा बघा

चुकणाऱ्या मुलाची शेवटी फजिती किंवा शिक्षा होत असेल तर पुस्तक परत ठेवा. ही जुनी परंपरा आहे. जर्मन डॉक्टर हाइनरिश हॉफमन यांनी स्वतःच्या लहान मुलासाठी केलेलं आणि १८४५ साली छापलेलं पुस्तक प्रसिद्ध आहे. त्यात अंगठा चोखणाऱ्या मुलाचे अंगठे शिंपी कात्रीने कापून टाकतो. आजच्या पुस्तकांत कात्री नसते, पण ‘आणि मग कोणीच त्याच्याशी खेळेना’ हा शेवट सर्रास असतो. भीती तीच.

भीतीचा उपयोग होतो असं म्हणणाऱ्यांना मी एक प्रयोग सांगते. टोरोंटो विद्यापीठाचे कांग ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली तो प्रसिद्ध केला. ३ ते ७ वर्षांच्या मुलांना खेळणं चोरून पाहण्याचा मोह होईल अशा खोलीत एकटं ठेवलं, नंतर एक गोष्ट वाचून दाखवली आणि मग खरं काय ते विचारलं. खोटं बोलल्यावर नाक वाढणाऱ्या पिनोकिओची गोष्ट आणि ‘लांडगा आला रे आला’ या दोन्ही गोष्टींनी काहीच फरक पडला नाही. लहानग्या जॉर्ज वॉशिंग्टनने झाड तोडल्याचं कबूल केलं आणि वडिलांनी त्याच्या खरेपणाचं कौतुक केलं, ही गोष्ट ऐकलेली मुलं मात्र जास्त खरं बोलली. त्याच गोष्टीचा शेवट बदलून तो वाईट केला, तेव्हा तिचाही परिणाम नाहीसा झाला.

दुसरी तपासणी पात्रांची. ससे, अस्वलं, हत्ती मुलांना आवडतात आणि आवडू द्यावेत. पण सवय बदलण्यासाठी निवडलेल्या पुस्तकात माणसांची मुलं असलेली बरी. ४ ते ६ वर्षांच्या मुलांना वाटून घेण्याची एकच गोष्ट, काहींना माणसांची पात्रं घालून आणि काहींना प्राण्यांची पात्रं घालून, वाचून दाखवली, असाही एक अभ्यास टोरोंटोमध्ये झाला आहे. माणसांची गोष्ट ऐकलेल्या मुलांनी आपले स्टिकर जास्त वाटले. प्राण्यांची गोष्ट ऐकलेल्यांमध्ये तशी वाढ दिसली नाही.

तिसरी तपासणी माझी स्वतःची: पुस्तकातली मोठी माणसं कधी चुकतात का, आणि चुकल्यावर मुलाची माफी मागतात का? सगळ्या चुका मुलांच्या आणि सगळं शहाणपण मोठ्यांचं असेल, तर ते पुस्तक मी घेत नाही. मुलांना हा अन्याय बरोबर कळतो.

३. वाचा

दहा मिनिटं. पुस्तक मुलाच्या हातात, पानं त्याने उलटायची.

४. पुस्तक मिटल्यानंतरची पाच मिनिटं सांभाळा

सगळं अडतं ते इथे. मला स्वतःला हीच पायरी सर्वांत जड गेली, आणि बहुतेक पालकांचीही गाडी इथेच रुतते. पुस्तक मिटतं आणि मोठ्या माणसाच्या तोंडून आपोआप निघतं, “बघ, तो कसा शहाण्यासारखा वागला! आणि तू काल काय केलंस?” त्या क्षणी मूल गोष्टीतून बाहेर पडून स्वतःचा बचाव करायला लागतं. “ताईने आधी ओढलं,” “मी नव्हतंच केलं.” पुढच्या वेळी तेच पुस्तक काढलं की ते म्हणतं, “आज दुसरं वाचू.”

म्हणून गुन्हा घडला त्या दिवशी त्या विषयाचं पुस्तक काढायचंच नाही. हिसकावलं, उलट बोललं, तर तिथल्या तिथे दोन वाक्यांत काय ते सांगा आणि विषय संपवा. पुस्तक दोन-तीन दिवसांनी, सगळे शांत असताना. रागाच्या पाठोपाठ आलेलं पुस्तक मुलाला शिक्षाच वाटते.

गोष्टीवर बोलताना मुलाचं नाव काढू नका. भावंडाचं नको, वर्गातल्या कोणाचंही नको. मूल आपणहून म्हणालं, “मीपण परवा असंच केलं होतं,” तर “हं, मग काय झालं?” एवढंच विचारा आणि ऐका. इथे उपदेश करायची ऊर्मी अगदी ओठांवर येते, कारण मुलाने दार स्वतः उघडलेलं असतं. तरीही गप्प बसा. बोललात तर पुढच्या वेळी ते कबूल करणार नाही.

आणि “यातून तू काय शिकलास?” हा प्रश्न कायमचा बंद करा. ‘खोटं बोलू नये’, ‘मोठ्यांचा मान ठेवावा’ ही उत्तरं मुलांना तोंडपाठ असतात. ती देऊन मूल मोकळं होतं आणि तुम्हालाही काम झाल्यासारखं वाटतं. विचारायचंच असेल तर ज्याला त्रास झाला त्या पात्राबद्दल विचारा. “तिचं बोलणं तोडलं तेव्हा तिने काय केलं? चित्रात बघ.” “त्याने सॉरी म्हटलं, पण तिला ते खरं वाटलं का? कशावरून?” आणि शेवटी, “तू तिथे असतास तर नेमके कोणते शब्द बोलला असतास?”

या शेवटच्या प्रश्नावर मी सर्वांत जास्त वेळ घालवते. कारण नियम मुलाला बहुधा माहीत असतो, त्याच्याकडे वाक्य नसतं. मोठी माणसं बोलत असताना मध्ये बोलू नये हे चार वर्षांच्या मुलालाही ठाऊक असतं. पण मग त्यांचं लक्ष वेधायचं कसं, हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. ते वाक्य दोघांनी मिळून तयार करा: “आई, तुझं झालं की मला एक सांगायचंय.” मग भूमिका बदला. मूल मोठं माणूस होईल आणि तुम्ही मध्येच तोंड घालणारं मूल व्हा. तुमची चूक पकडायला मुलांना फार आवडतं. मोठ्या माणसाने प्रश्न विचारायचे आणि गोष्ट मुलाकडून वदवून घ्यायची, ही पद्धत ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी १९८८ साली लहान मुलांच्या भाषेच्या वाढीसाठी मांडली. शिष्टाचारासाठीही तिच्याइतकी उपयोगी दुसरी पद्धत मला सापडलेली नाही.

आता मोठ्यांची बाजू. मुलाने ते वाक्य म्हटलं तर मिनिटभरात आपलं बोलणं थांबवून त्याच्याकडे वळायलाच हवं. ते पंधरा मिनिटं ताटकळलं तर पुस्तक हरलं, आणि उद्या ते पुन्हा ओरडून लक्ष वेधणार. त्यात त्याची चूक नाही. तुम्ही त्याचं बोलणं तोडलंत तर पुस्तकातल्याच शब्दांत त्याची माफी मागा. पाहुण्यांसमोर “म्हण बघू ते वाक्य” असं अजिबात करू नका. सभ्यपणाचं असं प्रदर्शन मांडलं की मुलं ते वाक्य टाकून देतात.

५. महिनाभर तेच पुस्तक

मागेल तेव्हा वाचा, न मागितल्यास आठवड्यातून एकदा. फरक दिसला की पुढची सवय.

६. तेरा वर्षांपुढे पद्धत पूर्ण बदला

किशोरांना गोष्टीतून सूचक बोध देऊ नका, त्यांना तो लांबूनच कळतो. आपल्या मोकळीकीवर कोणी घाला घालतंय असं वाटलं की माणूस नेमका उलट दिशेला ओढला जातो, हे मानसशास्त्रज्ञ जॅक ब्रेम यांनी १९६६ सालीच मांडलं होतं. या वयाला सरळ माहिती देणारं पुस्तक लागतं. अनोळखी माणसाला फोन कसा करावा, मुलाखतीला काय बोलावं, मैत्रिणीच्या घरी कोणी वारलं तर तिला काय लिहावं, निमंत्रणाला नाही कसं म्हणावं, कोणाचा फोटो पुढे पाठवण्याआधी विचारावं का. प्रत्येक नियमामागचं कारण दिलेलं हवं. ‘असंच असतं’ म्हणणारं पुस्तक ही मुलं पाचव्या पानावर मिटतात.

वाद घालायला आवडणाऱ्यांना जुने नियम दाखवा. डच विद्वान इरॅस्मस यांनी १५३० साली मुलांच्या सभ्यतेवर लॅटिनमध्ये पुस्तिका लिहिली, तिच्यात नाक बाहीला पुसू नये इथपासून सूचना आहेत. वॉशिंग्टन यांनी लहानपणी वहीत उतरवून काढलेले ११० नियमही उपलब्ध आहेत. त्यांतले कोणते आज टिकतात आणि का, यावर जेवताना भांडू द्या. इरॅस्मस शेवटाकडे म्हणतात की आपण चुकू नये आणि दुसऱ्याच्या चुका सहज माफ कराव्यात, हा सभ्यतेचा सर्वांत मोठा भाग. इतरांच्या गैरवागण्यावर सतत बोट ठेवणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलांबरोबर मी मुद्दाम हाच भाग वाचते, आणि त्यांच्या पालकांनाही तो वाचायला देते.

घरी पुस्तक टेबलावर ठेवा आणि “वाचलंस का?” हे विचारू नका. दोन आठवड्यांनी ते तिथेच धूळ खात पडलेलं दिसलं तर परत करा आणि पुढचं त्यांनाच निवडू द्या. तुम्ही फक्त त्यात फोनवरच्या वागण्याचं प्रकरण आहे ना, तेवढं पाहून घ्या.