सिलिकॉन असलेलं क्रीम किंवा सीरम कसं पारखावं?

आधी बाटली उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचा. ज्या नावांच्या शेवटी ‘कोन’, ‘कोनॉल’ किंवा ‘सिलोक्सेन’ येतं, ती बहुतेक सिलिकॉनची, म्हणजे क्रीमला सुळसुळीतपणा देणाऱ्या कृत्रिम घटकांचीच: डायमेथिकोन, अमोडायमेथिकोन, डायमेथिकोनॉल, सायक्लोपेंटासिलोक्सेन. ‘सिलिका’ मात्र वेगळी, ती तेलकट चमक शोषणारी पावडर असते. आपल्याकडच्या 2020 च्या कॉस्मेटिक्स नियमांनुसार 1 टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने छापावे लागतात. त्यामुळे नाव जितकं वर, तितका त्याचा वाटा मोठा. केसांच्या सीरमवर सायक्लोपेंटासिलोक्सेन बरेचदा पहिलंच दिसेल.

आता कोणतं सिलिकॉन आहे ते ओळखा. ही पायरी घाईत उरकू नका, कारण सरसकट घाबरण्यात अर्थ नाही.

डायमेथिकोनचे रेणू लांबलचक साखळीचे आणि मोठे असतात. ते त्वचेत शिरत नाहीत, वर पातळ थर करून ओलावा टिकवतात. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने, 1 ते 30 टक्के डायमेथिकोन त्वचारक्षक म्हणून मान्य केलं आहे, आणि बाळांच्या डायपर रॅशवरच्या काही क्रीममध्येही ते असतं. ते वापरायला माझी काहीच हरकत नाही.

वलयाच्या रचनेची सिलिकॉन वेगळी वागतात. थेंब बोटांवर चोळला की आधी सुळसुळीत लागतो आणि थोड्याच वेळात उडून जातो. त्यातल्या डी4 मुळे, म्हणजे सायक्लोटेट्रासिलोक्सेनमुळे, प्रजननक्षमतेला हानी होण्याचा संशय आहे. युरोपीय संघात सौंदर्यप्रसाधनांत त्यावर बंदी आहे. डी5, म्हणजे सायक्लोपेंटासिलोक्सेन, याबाबतची मुख्य काळजी पर्यावरणाची आहे: ते निसर्गात लवकर विघटित होत नाही. म्हणून तिथे धुऊन टाकायच्या उत्पादनांत 31 जानेवारी 2020 नंतर त्याचं प्रमाण 0.1 टक्क्याच्या खाली ठेवावं लागतं, आणि 6 जून 2027 नंतर लावून ठेवायच्या क्रीम-सीरमनाही ही मर्यादा लागू होईल. लेबलवर नुसतं ‘सायक्लोमेथिकोन’ असेल तर ते या वलयांचं मिश्रण असू शकतं. पर्याय असेल तर मी डायमेथिकोनवालंच घेईन.

नवीन उत्पादन आठवडाभर रोज दोनदा कोपराच्या आतल्या बाजूला लावून पाहा. खाज किंवा पुरळ आलं तर थांबवा. दोष बरेचदा सिलिकॉनचा नसून सुगंधाचा किंवा प्रिझर्व्हेटिव्हचा असतो.

लावताना पाणीदार सीरम आधी, ते मुरल्यावर सिलिकॉनचं क्रीम. चोळल्यावर मळासारख्या वळ्या निघाल्या तर थर जाड झालाय, पुढच्या वेळी कमी घ्या.

केसांना सीरम लावून लगेच स्ट्रेटनर फिरवू नका. उष्णतेने डी5 हवेत जास्त सुटतं आणि बंद खोलीत ते श्वासात जातं. खिडकी उघडा, केस पूर्ण कोरडे होऊ द्या.

मेकअपच्या आधी चेहऱ्यावर लावलेला सिलिकॉनचा प्राइमर रात्री नुसत्या पाण्याने निघत नाही. आधी क्लेन्झिंग बाम किंवा तेल, मग सौम्य फेसवॉश. केस जड, निस्तेज वाटू लागले तर अधूनमधून एकदा खोल स्वच्छता करणारा क्लॅरिफाइंग शाम्पू वापरा.